अमिरुन्निसाची वेळ

"सगल्यांच्या वेला आल्या, तुज्या बापाची मागनं आली, नि तीच पयली? ती कशी गं?"

मोरूनं दिघीच्या जेट्टीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीची क्रमवारी तिथं दिसत होती. वर 'अमिरुन्निसा', खाली मोरूची 'सत्यवती'.

"मोरूकाका, तिकडे समुद्रात बोयाजवळ रेंज नाही. वेळ फोनमध्ये अडकते, रेंज आली की पोचते," महनूर म्हणाली.

"बाकीच्यांच्या बऱ्या नाय अडाकल्या!"

"लेकीचं अ‍ॅप, बापाची होडी," कोकिळा मासळीवाली म्हणाली. "माज्या पोरीलाबी शिकव गो. डोक्यावर पाटी घेऊन चालत गेले तरी पयली येन मी."

लोक हसले.

फेरीबोटीला अडचण नको म्हणून होड्या एकेक करून सोडल्या होत्या. कोण जिंकलं, ते काठावरून कळणं शक्य नव्हतं. म्हणूनच शर्यतीच्या समितीनं महनूरला गाठलं. गेम बनवणाऱ्या एका कंपनीचं काम ती घरून करायची. क्रमवारी लावणाऱ्या एका तयार सेवेचा एपीआय, म्हणजे माहितीची ने-आण करणारा दुवा, तिनं समितीच्या अ‍ॅपला जोडून दिला. शेवटच्या बोयाजवळ, समुद्रातल्या तरंगत्या खुणेशी, लाँचवरच्या माणसानं फोनमध्ये वेळ टिपली की पडदा आपोआप बदलायचा. एकाच नावाच्या दोन वेळा आल्या, तर सेवा त्यातली कमी असेल तेवढी ठेवायची.

हे आठवलं आणि तिनं लॅपटॉप पुढे ओढला. सकाळी जोडणी तपासताना तिनं एक खोटी वेळ पाठवली होती. नाव घातलं ते बोटांना सवयीचं, आईचं, म्हणजेच अब्बांच्या होडीचं. वेळ अंदाजानं टाकलेली, आकडा आता आठवत नव्हता. नंतर ती नोंद पुसली होती. पुसली होती ना? की तीच कुठंतरी अडकून आता पोचली होती?

नोंदींचं पान उघडेना.

अब्बांचा खांदा कामातून गेला होता, होडी विकायची ठरली होती. ही 'अमिरुन्निसा'ची शेवटची शर्यत.

"खात्री होईपर्यंत ही ओळ काढते," महनूर म्हणाली.

'सत्यवती' वर सरकली. मोरूच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. त्याच वेळी अब्दुस्समद भिजलेल्या कपड्यांनी जेट्टीच्या पायऱ्या चढून आला. त्यानं पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मग लेकीकडे पाहिलं. ती कीबोर्डवर वाकली होती. तो आला तसा खाली उतरला.

थोड्या वेळानं बोयाजवळची लाँच परतली. वेळा टिपणारा विठोबा मोरूचाच मेहुणा. महनूरनं त्याचा फोन मागून घेतला. 'अमिरुन्निसा'ची वेळ पडद्यावर आली होती तीच होती. म्हणजे सकाळची नोंद पुसलेलीच होती.

"मीच टिपली ना! काय सुसाट आला म्हातारा," विठोबा म्हणाला. "का, काय झाला?"

मोरू पायाकडे बघत होता. "लाव गं परत," तो म्हणाला. "वर लाव."

आईचं नाव पुन्हा वर आलं. टाळ्या वाजल्या. महनूर खाली धावली.

अब्दुस्समदनं शीड उतरवून वाळूवर पसरलं होतं.

"अब्बा, वेळ खरी होती."

"माला ठाव होती."

ओल्या शिडाची घडी घालायला दोन माणसं लागतात. लहानपणापासून दुसरं टोक महनूरच्या हातात असायचं. आज ते त्यानं खुंटाला बांधलं होतं, आणि घडीवर घडी घालत तो एकटाच खुंटाकडे येत होता.