आत्याच्या खिडकीखालचा बॉयलर

मित्रांनो, थंडीत घरातल्या गरम नळ्यांवर सगळे हात शेकतात. तळघरात मात्र कुणी डोकावत नाही. तिथेच मी उभा असतो, लाकडावर चालणारा एक जुना बॉयलर. मी तापवलेलं पाणी नळ्यांतून घरभर फिरतं.

कारखान्यात मला जाड पत्र्याचं अंग आणि आतून विटांचं अस्तर मिळालं. लाकडातून निघणारा धूरही मी जाळतो, म्हणून लाकूड कमी लागतं. या घरातल्या दादांनी मला आणलं, तेव्हा माझं कोण कौतुक! पाहुणा आला की चहाआधी त्याला तळघर दाखवत आणि कोळसा-तेल न जाळता आपण जगाला वाचवतोय, असं सांगत.

पण दादांचा हात काटकसरी. ते नुकतंच तोडलेलं ओलं लाकूड माझ्यात गळ्यापर्यंत कोंबत आणि हवेची झडप जवळजवळ बंद करत. मंद जळेल तितकं जास्त पुरेल, हा त्यांचा हिशेब. मी घुसमटलो. ओल सुकवण्यातच माझी आग दमून जाई. न जळलेला धूर धुराड्यातून निघून वरच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरे. तिथे दादांची धाकटी बहीण, मुलांची आत्या राहायची. तिला दमा होता.

एके दिवशी आत्याने बॅग भरली. ती खाली आणून ठेवत शांतपणे म्हणाली, "दादा, तुझा बॉयलर जगाला वाचवतोय म्हणे. त्या जगात मला धरलेलं दिसत नाही."

 आठवडाअखेर तिला मैत्रिणीकडे सोडायचं ठरलं.

मधले दोन दिवस दादा कामासाठी बाहेरगावी होते. दादांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, ओले ओंडके उचलवेनात. त्यांनी मोडक्या फडताळाच्या सुक्या फळ्या थोड्या थोड्या घातल्या आणि झडप उघडी ठेवली. माझ्या दाराची काच काळवंडली नाही. वरून खोकलाही ऐकू आला नाही.

दादा परतले आणि सवयीने ओंडके कोंबू लागले. लाकडाच्या टोकांतून फेस येऊन चर्र आवाज झाला. वहिनींनी झडपेवरचा त्यांचा हात धरला.

"अहो, नाक दाबून कुणाला पोटभर जेव म्हणता येतं का? याला श्वास घेऊ द्या. म्हणजे वन्संनाही घेता येईल."

दादांनी झडप उघडली आणि आत्याची बॅग स्वतः वर नेऊन ठेवली. ओलं लाकूड छपराखाली रचलं. ते पुढच्या थंडीसाठी. तोवर सुकं विकत आणलं.

मित्रांनो, मी निर्दोष नाही. सुक्या लाकडाचीही थोडी बारीक काजळी हवेत जातेच. जळालेल्या झाडाची भरपाई तर नवं झाड वाढेल तेव्हाच, आणि त्याला वर्षं लागतात. म्हणून गरजेपुरतंच पेटवा, सुकं लाकूड घाला, माझं धुराडं साफ ठेवा. यंत्र चांगलं आहे एवढ्यावर विसंबू नका.

आणि मला पेटवल्यावर एकदा अंगणात जाऊन वर धुराड्याकडे पाहा. आमच्याकडे दादा रोज पाहतात. आत्याची खिडकी उघडी दिसली, की मगच घरात येतात.