झिंग माझी, आळ त्यांच्यावर

मी एक जुना, तेलकट द्रव आहे. रंगाच्या कारखान्यात एका पिंपाच्या तळाशी ओंजळभर उरलो आहे. माझं नाव ॲनिलीन. मित्रांनो, मी विषारी आहे हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना माझी मान वर होणार नाही.

माझं मूळ दगडी कोळशाच्या डांबरात. बऱ्याच नळ्या-टाक्या फिरून मी तयार झालो, तेव्हा पाण्यासारखा नितळ होतो. हवा आणि उजेड लागला तसा तपकिरी पडत गेलो. वास म्हणाल, तर कुजक्या मासळीचा. पण माझ्यापासून असे रंग होत की लोक बघत राहत. तुमच्या गणवेशाचा निळा रंगही कदाचित माझ्याच कुळातला असेल. कौतुक ऐकून मी चांगलाच फुशारलो होतो.

मला पिंपातून मापाने काढून टाकीत ओतायचं काम एका कामगाराकडे होतं. सगळे त्यांना काका म्हणत. काकूंचे वडील दारूपायी गेले होते, म्हणून लग्नाआधी काकूंनी एकच अट घातली होती: दारूला शिवायचं नाही. काकांनी ती एकोणीस वर्षं पाळली होती. सोबती त्यावरून चिडवत, काका हसून सोडून देत.

माझ्या पिंपाची तोटी सैल झाली होती. काकांनी मुकादमाला दोनदा सांगितलं. "आज भागवा, उद्या बघू," मुकादम म्हणाला. त्या दिवशी मी थेंब थेंब काकांच्या विजारीवर गळत राहिलो. पोळलं असतं तर त्यांनी लगेच विजार बदलली असती. पण मी पोळत नाही, गुपचूप कातडीतून आत शिरतो. दुपारपर्यंत काकांचं डोकं ठणकू लागलं, जीभ जड झाली, पाय लटपटू लागले. मधेच ते उगाच हसले.

"सकाळीच टाकून आलात काय?" मुकादम सगळ्यांदेखत ओरडला आणि त्याने त्यांना घरी धाडलं.

काका भिंतीचा आधार घेत घरी गेले. मीही गेलो, विजारीत मुरून. बातमी त्यांच्याआधीच पोचली होती. काकूंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं.

"वाससुद्धा येऊ दिला नाहीत. शाबास!"

"खरंच नाही गं घेतली," काका कसेबसे म्हणाले आणि विजार बदलून आडवे झाले. काकूंचा विश्वास बसला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की त्यांचं काही चुकलेलं नाही, हे माझं काम आहे. पण मला तोंड नाही.

काकूंचा राग मोठा, पण मळके कपडे पडून राहिलेले त्यांना खपत नसत. न्हाणीघराचं दार लावून, गरम पाण्यात त्या ती विजार हातांनी चोळचोळून धुऊ लागल्या. माझा वास रोजचाच, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या त्या झोकांड्या खातच.

"आई, तुझे ओठ बाबांसारखे निळे झालेत!" मुलगी घाबरून म्हणाली.

काकूंनी आपली नखं पाहिली. मग काकांचे दोन्ही हात उचलून शेजारी धरले. वीसही नखं निळसर.

"मग आता मीही प्यायलेय का?" त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मुलीने शेजाऱ्यांना हाका मारल्या. मी रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, म्हणून ओठ-नखं निळी पडली होती. इस्पितळात दोघांना साबणाने धुऊन काढलं, नाकाला प्राणवायू लावला. तिसऱ्या दिवशी दोघं घरी आली. गल्लीतली काही माणसं अजूनही काकांकडे बघून कुजबुजतात. त्या कुजबुजीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण ती पुसणं माझ्या हातात नाही.

मुकादम घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "चुकलं माझं."

काकांनी एवढंच विचारलं, "तोटी बदलली का?"

मुकादम आल्या पावली कारखान्याकडे वळला.

मित्रांनो, तोटी त्याच संध्याकाळी बदलली. आता पिंपावर कवटीचं चित्र आहे आणि मला काढणाऱ्याच्या हातात लांब मोजे असतात. मला वापरा, पण माझ्यावर कधी भरवसा ठेवू नका. आणि एखाद्या कामकऱ्याचा तोल गेलेला दिसला, तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा त्याचे ओठ नीट बघा.