गरुडाचे पांढरे पोट

"कमी नको करू. निळा अजून वाढव," रझियाच्या खुर्चीमागे उभे राहून गंगाराम पालशेतकर म्हणाले.

रझियाने माऊसवरचा हात थांबवला. "काका, पोट निळं पडतंय हो गरुडाचं."

"कुठे पडतंय? आमरस सांडल्यासारखं पिवळं दिसतंय मला. वाढव तू."

तिने वाढवला. गंगाराम पुढे वाकले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. पूर्णगडच्या किल्ल्याखाली एका उंच आंब्यावर समुद्रगरुडाचे घरटे होते. त्यासाठी आठवडाभर ते पहिल्या एस.टी.ने जात होते. गरुड मासा घेऊन घरट्यावर उतरतानाचा हा फोटो. पंख राखाडी, पोट शुभ्र.

"आता बरोबर. हाच नेटवर टाक," ते म्हणाले आणि छत्री उचलून निघाले. लॅबच्या पायऱ्या उतरताना मात्र त्यांना वाटले, ही पोरगी आपल्याकडे बघून जरा गप्पच झाली. का झाली असेल?

संशय हा गंगारामांच्या अंगात मुरलेला होता. पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, तीस वर्षे त्यांनी मीटरच्या काट्यांकडे बघत नोकरी केली. रुजू झाले त्या दिवशी मोठ्या साहेबांनी बजावले होते, एका काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याशी ताडून बघायचे. गंगारामांनी ते नोकरीपुरते ठेवले नाही. घराचे कुलूप लावल्यावर चार पावले जाऊन ते परत येत आणि ओढून बघत. दूधवाला पाणी घालतो, गॅसवाला हलका सिलिंडर देतो, शेजारी भिंत सरकवतो, यातले काहीच कधी सिद्ध झाले नव्हते, पण लक्ष ठेवलेले बरे. "आमच्या लग्नातसुद्धा यांनी अंतरपाटाखालून वाकून बघितलं, मीच आहे ना म्हणून," असे त्यांची बायको विमला पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसायचे. गंगाराम हसत नसत.

निवृत्तीनंतर रत्नागिरीला घर झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. पुण्याला असलेल्या लेकीने, अक्षयाने, आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि पक्षीमित्रांची एक वेबसाइट दाखवली. देशभरातले लोक तिथे फोटो टाकत आणि एकमेकांच्या फोटोंवर लिहीत. गंगारामांनी टाकलेले पहिले फोटो नेटवर मेल्यासारखे दिसले. रंगच उडालेले. कॅमेरावाल्याने फसवले, अशी त्यांची खात्रीच झाली होती. मारुती मंदिराजवळच्या फोटो लॅबमध्ये रझिया कॉम्प्युटरवर बसायची. तिने फाइल उघडून दोन मिनिटांत कारण सांगितले.

"कॅमेऱ्यात काही खोट नाय, काका. तुमचा कॅमेरा अडोबी आरजीबीत फोटो काढतो, म्हणजे रंगांचं मोठं पातेलं. नेटवर सगळ्यांकडे लहान भांडं, त्याला एसआरजीबी म्हणतात. न बदलता टाकलं की फिकं दिसणारच. मी प्रोफाइल बदलून देते."

तिने बदलून दिले आणि खंड्याचा निळा पुन्हा खंड्याचा झाला. त्या दिवसापासून वर्षभर गंगाराम दर सोमवारी तिच्याकडे जात. घरचे इंटरनेट गोगलगायीसारखे, म्हणून फोटो चढवायचेही तीच. नवरा सौदीत दम्मामला, ही सासूसोबत राजिवड्याला राहून नोकरी करणारी. तिच्या कामावर ताडून न बघता विश्वास ठेवायला ते शिकले होते, आणि त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

त्या सोमवारी संध्याकाळी त्यांनी घरी वेबसाइट उघडली. फोटो वरून खाली हळूहळू उतरत आला. गरुडाचे पोट पिवळे होते.

खाली लोकांनी वाहवा केलेली. रंग अगदी खरे, असेही कोणी लिहिले होते. गंगारामांचे तिकडे लक्षच गेले नाही. लॅबमध्ये पांढरे केलेले पोट इथे पिवळे कसे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले तेव्हा रझिया स्क्रीनकडे बघत म्हणाली, "प्रत्येक स्क्रीन वेगळा असतो, काका. थोडा फरक येतो."

उत्तर बरोबर होते, पण देताना तिने मान वर केली नाही. गंगारामांनी तेवढे टिपले.

पुढच्या सोमवारी त्यांनी गरुडाचाच एक नवा फोटो आपल्या पसंतीचा करून घेतला आणि सहज म्हणून सांगितले, "याची एक सीडीपण दे गो. मेव्हण्याला पाठवायचाय." घरी येऊन त्यांनी सीडीवरचा फोटो आणि वेबसाइटवरचा फोटो एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. सीडीवरचा पांढरा. वेबसाइटवरचा पिवळा. स्क्रीन एक, फोटो दोन.

राग नंतर आला. आधी समाधान वाटले. वीजघरात खोटा काटा सापडल्यावर वाटायचे तसे.

लॅबमध्ये लग्नाचा अल्बम न्यायला आलेली चार माणसे उभी होती. गंगारामांनी काउंटरवर सीडी आपटली. लॅबचा मालक सुजय आतून धावत आला.

"विचारा हिला! माझ्यासमोर एक करते, माझ्यामागे दुसरंच चढवते. आणि वर मला सांगते, स्क्रीन वेगळा!"

"रझिया, काय गं?" सुजय म्हणाला.

रझिया उभी राहिली. ओढणीचे टोक तिने बोटाला गुंडाळले होते. "हो. मी बदलला. दोन्ही वेळा."

"का?" गंगाराम ओरडले.

"निळा दिसत होता, काका. तिथे जाणकार लोक बघतात. तुम्हाला हसले असते."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. दरवेळी सांगितलं."

"म्हणजे मी आंधळा! तीस वर्षं काटे वाचले मी!"

अल्बमवाली माणसे पाने उलटायची थांबली होती. सुजयने हात जोडून काकांची माफी मागितली. पुढच्या सोमवारी त्या खुर्चीत दुसरीच मुलगी होती. गंगारामांनी तिला काम दिले नाही. अक्षयाला फोनवर विचारून विचारून ते स्वतःच शिकले. प्रोफाइल बदलणे, फाइल लहान करणे, रंगांच्या पट्ट्या सरकवणे. महिन्याभराने त्यांनी आपल्या हाताने गरुडाचा फोटो चढवला. पोट शुभ्र, दुधासारखे.

रात्रीपर्यंत खाली चार जणांनी लिहिले. रंगाचे काय झाले? गरुड निळा का? पहिला फोटो किती छान होता. चौथ्याने विचारले होते, रंगवलात का?

गंगारामांनी चारही नावे कागदावर उतरवली. त्यातली दोन त्यांनी याआधी पाहिली नव्हती. रझियाचा भाऊ फैझान बंदराकडे सायबर कॅफे चालवतो, हे त्यांना ठाऊक होते. खोटी नावे घ्यायला किती वेळ लागतो? सकाळी पायात चपला घालून ते त्याला जाब विचारायला निघाले, पण जाता जाता पुरावा म्हणून फोटो पुन्हा उघडून बसले.

विमला धुतलेले कपडे घड्या करायला तिथे आली. स्क्रीनकडे बघून ती हसली. "हे काय? पक्षी निळीत बुचकळलात?"

गंगाराम गर्रकन वळले. "तुला कोणी सांगितलं असं बोलायला?"

"कोण सांगणार? दिसतंय ते बोलले. नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा दिसतोय."

"पांढरा आहे तो!"

 विमलाने घडीतला त्यांचा सदरा उचलून समोर धरला. "हा कसा दिसतो?"

"पांढरा. आत्ता कुठे तुला नीट धुवायला जमतंय."

"अहो, हा निळा आहे." तिचा आवाज एकदम खाली आला. "सदरे पिवळे पडले, पिवळे पडले म्हणून वर्षभर ओरडताय. मी नीळ वाढवत गेले. म्हटलं, कशाला रोज भांडण? गल्लीतली पोरं तुम्हाला निळे काका म्हणतात."

गंगारामांनी सदरा हातात घेतला. खिडकीशी नेला. उलटा करून बघितला. तो पांढराच होता. बायको आपल्याशी खोटे का बोलेल, याचे कारण त्यांनी मनात शोधले, खरोखर शोधले, आणि ते सापडले नाही. मग ते पायातल्या चपला न काढताच खुर्चीवर बसले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले. इतका पिकेपर्यंत कळले कसे नाही? कॅमेरा आपोआप फोकस करून देत होता, आणि नजरेवर पिवळा पडदा इतक्या सावकाश चढला होता की अंधूकपणाचा दोष ते कधी लॅबच्या ट्यूबलाइटला, कधी चष्मेवाल्याला देत आले होते. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन आधी झाले. पट्टी निघाली तेव्हा समोर नर्सचा पांढरा कोट होता, आणि तो इतका पांढरा होता की गंगारामांनी मान फिरवली.

घरी आल्यावर त्यांनी वेबसाइटवर चार ओळी लिहिल्या. फोटोतला निळा रंग माझ्या डोळ्यांचा दोष होता, लॅबचे काम चोख होते. मग रझियाला परत कामावर घे म्हणून सांगायला ते सुजयकडे गेले. त्याने सगळे ऐकून घेतले. "काका, जागा भरली आता. आणि तिने गपचूप बदललं हे तर खरंच ना?" तो म्हणाला.

राजिवड्यात मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात रझिया टायपिंग करत होती. काळा चष्मा लावलेल्या गंगारामांना बघून ती उठली, स्टूल पुसून पुढे सरकवले.

"ऑपरेशन झालं, काका?"

"एका डोळ्याचं." ते बसले नाहीत. "गो, पोट निळंच होतं. मी चुकलो. चारचौघांत बोललो तुला."

रझियाने मशीनमधला कागद सरळ केला. "चुकले मीपण. बदलून टाकते म्हणून तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही केवढे वाद घालायचात, मला भीती वाटायची. आणि तुमचा फोटो चांगला होता हो. वाया गेला असता."

"परत करशील माझे फोटो? घरी कॉम्प्युटर आहे. तुझ्या वेळेने ये."

 बाहेरून कोणी शाळेच्या दाखल्याच्या दोन प्रती मागितल्या, त्या तिने काढून दिल्या. मग म्हणाली, "नको, काका. आता नवीन डोळ्याने तुम्हालाच जमेल." आवाजात राग नव्हता. "चहा सांगू?"

चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली होती. दुपारी विमला आत आडवी झालेली असताना गंगारामांनी आपण स्वतः केलेला गरुडाचा फोटो उघडला. तो निळा होता, अगदी नीळ. लोकांनी कमीच लिहिले होते. पुसून टाकायच्या आधी त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि डाव्या डोळ्याने बघितले.

गरुड मासा घेऊन उतरत होता. त्याचे पोट शुभ्र पांढरे होते. गंगाराम हात भरून येईपर्यंत तसेच बघत बसले.