घासलेला कोपरा

पाहुणा येणार म्हणून सिगब्रितनं सकाळपासून घर धुऊन काढलं होतं. फालूनची, म्हणजे स्वीडनमधल्या तांब्याच्या खाणीच्या गावची बाई परक्या माणसाला कळकट तांबं दाखवत नाही, मेली तरी नाही. किटली झाली, पातेली झाली. मग दार अडवायला ठेवलेली ती जड चौकोनी लादी उचलून ती मीठ-व्हिनेगर घेऊन बसली. लादी म्हणजे जुन्या राजांच्या काळातलं तांब्याचं नाणं; तेव्हा मोठ्या किमतीची नाणी अशी लादीएवढी असत. मधोमध किमतीचा शिक्का, चारी कोपऱ्यांत मुकुट. ते विकून तिला गळकं छप्पर नवं करायचं होतं. नाही झालं, तर हिवाळ्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये, सुनेच्या हाताखाली.

एक कोपरा लख्ख झाला, तोच हेडेनस्कूगची गाडी थांबली. तो स्टॉकहोमचा नाणी-संग्राहक, फोनवर भाव ठरवून आलेला. टेबलावर रिवाजाप्रमाणे सात तऱ्हेची बिस्किटं मांडलेली. त्याचं लक्ष फक्त लादीकडे.

"अहो बाई, हे काय केलंत!"

"घासलं. दिसत नाही?"

"अडीचशे वर्षांचा रंग खरवडून काढलात! आता अर्धीच किंमत. तीही मी देतोय म्हणून."

सिगब्रितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा आजा हे तांबं निघालं त्याच खाणीत खोकून खोकून मेला. त्याची छाती कुणी काचेच्या कपाटात जपली नाही. तांब्यावरच्या काजळीला मात्र भाव! पण छप्पर आठवलं, नि तिचा आवाज खाली आला.

"चुकलं असेल माझं. थांबा, बाकीचे तीन कोपरेही करून देते. निदान सारखे तरी दिसतील."

तिनं खरंच मनापासून फडकं उचललं. हेडेनस्कूगनं झडप घालून दोन्ही पंजे लादीवर पसरले, बैलासमोर पोराला झाकावं तसे.

"नको! हात लावू नका!"

सिगब्रित त्या पंजांकडे बघत राहिली. मग तिनं फडकं सावकाश व्हिनेगरमध्ये बुडवलं.

"फोनवर किती म्हणाला होतात?"

"पण कोपरा..."

फडक्याचा थेंब लादीजवळ पडला.

"कोपऱ्याचे थोडे कापा. अर्धे नाही."

"तुम्ही भयंकर बाई आहात," तो म्हणाला आणि त्यानं पाकीट काढलं. जाताना मात्र त्यानं त्या लख्ख मुकुटावर अंगठा फिरवला. "दिसतो छान, मेला."

"बिस्कीट खा."

त्यानं दोन खाल्ली.

गाडी वळताच सिगब्रितनं छपरवाल्याला फोन लावला. "आधी उत्तरेची बाजू. सोमवारी ये. आणि बूट पुसून ये, घर घासलंय."