राखणदाराचा शेवट

माझा नवरा केतन राजे मारतो, राक्षस मारतो, अख्खी गलबतं बुडवतो. पण घरात पाल निघाली की मला हाक मारतो. लिहिणाऱ्या माणसाशी लग्न केलं की हे आलंच.

बेलपाड्यात आमचं जुनं घर होतं तिथे आता इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांतच सगळं प्रकाशन चालतं. पलंगाखाली पुस्तकांची खोकी, ओट्यावर चिकटपट्टी, कुरियरवाल्याशी भांडायला मी. नोकरी सोडून केतनने ‘खारराज्य’ ही मालिका स्वतःच लिहायला आणि स्वतःच काढायला घेतली. खाडीच्या तळाशी मिठाचं एक राज्य आणि त्याच्या वेशीवर एक उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दार; ती पाडली, म्हणजे तिची फळी खाली सोडली, की भरतीचं पाणी अडतं. माझ्या सासऱ्यांच्या मिठागरावर तशी खरीच होती. त्या उघाडीचा राखणदार हा पुस्तकाचा नायक. दोन भाग वाचकांनी डोक्यावर घेतले होते. तिसरा, शेवटचा, गणपतीआधी हातात देतो असा शब्द केतनने दिला होता.

त्या श्रावणी सोमवारी संध्याकाळपर्यंत फाइल पनवेलच्या छापखान्यात पोचायला हवी होती. नाही पोचली तर मशीन गणपती मंडळांच्या अहवालांना जाणार आणि आमचं पुस्तक थेट दिवाळीत निघणार. आपलं पुस्तक आपणच काढणाऱ्याच्या पाठीशी वाचकांचा विश्वास सोडला तर दुसरं कोण असतं?

दुपारी आम्ही दोघं जेवत होतो. सासूबाईंचा उपास होता, त्या आत पडल्या होत्या. तेवढ्यात वाचकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, “दादा, शेवटी राखणदार उघाडी पाडायला स्वतःच पाण्यात उतरतो, खरं का?” त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने तर लिहिलं, “शेवट कळला. आता पुस्तक घेऊन काय करू?”

केतनचा घास हातातच राहिला.

“हे तिघांनाच माहीत आहे,” तो म्हणाला. “मला, तुला आणि मनस्वीला.”

मनस्वी खारघरच्या कॉलेजात शिकवते. पहिल्या भागापासून आमची मुद्रितं तीच तपासते, निव्वळ आवडीने. शेवट वाचून तिने कळवलं होतं, “दादा, राखणदाराला मारू नका, माझ्याच्याने वाचवत नाही.” एवढ्यावरून आमच्या लेखकमहाशयांनी ताडलं की वाचकांचा दबाव यावा म्हणून तिनेच हे फोडलं.

“आधी तिला फोन कर,” मी म्हटलं.

“चोराला विचारायचं, चोरी केलीस का म्हणून?”

मी हात धुऊन येईपर्यंत त्याने सगळ्यांदेखत लिहूनही टाकलं होतं, ‘मनस्वी, तुमच्यावर विश्वास टाकला ही माझी चूक.’ उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मनस्वीने एक अक्षर न लिहिता ग्रुप सोडला. मला असा संताप आला की त्याचा फोन हिसकावून घेतला.

तो लॅपटॉपकडे वळला. “शेवट बदलतो. राखणदार उतरणारच नाही, दुसरा कुणीतरी उतरेल.” आणि त्याने शेवटचं प्रकरण पुसायला घेतलं.

इथे मात्र मी घाबरले. त्या प्रकरणात कोण आहे ते मला ठाऊक होतं. केतनचा थोरला भाऊ, शिवा. उधाणाच्या भरतीत बांध फुटायला आला तेव्हा तो उघाडी पाडायला उतरला आणि परत आला नाही. केतन तेव्हा लहान होता, बांधावर उभा होता. तिथे त्याने काय पाहिलं, काय ऐकलं, ते कधी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. मलाही ते त्या प्रकरणातूनच कळलं. अख्ख्या मालिकेत तेवढी पानं त्याने रडत लिहिली होती.

“ते पुसू नकोस,” मी म्हटलं.

“मग काय, फुटलेला शेवट छापू? सगळ्यांना माहीत असलेला?”

छापखान्यातून फोन आला. मी तो केतनपुढे धरला, त्याने घेतला नाही. मी त्या विचारणाऱ्या वाचक बाईलाच लिहिलं, “ताई, तुम्हाला कुठून कळलं?” तिने एक ध्वनिफीत पाठवली. आमच्याच इमारतीतली वरच्या मजल्यावरची हेतल, तिने सकाळी देवळात रेकॉर्ड करून कौतुकाने मैत्रिणींना पाठवली होती. मी ती लावली. आधी घंटा वाजली, बांगड्या वाजल्या. मग आवाज आला, तो माझ्या सासूबाईंचा, गोदूबायचा.

केतन प्रत्येक प्रकरण लिहून झालं की पहिलं आईला मोठ्याने वाचून दाखवतो. जिथे त्यांचं लक्ष उडतं ते वाक्य जातं. आणि श्रावणी सोमवारची कहाणी देवळात सांगतात त्या गोदूबायच. बायका मुठीत अक्षता धरून ऐकतात. हे सगळं रोजचं असून तिघं मोजताना आईंना मोजायचं आम्हाला सुचलं नाही. त्यांना वाचता येत नाही ना!

“…तं राखणदार पान्यात उतरला. उघाडी पाडली. गाव वाचला. त्याची आये बांधावर बसली व्हती, ती उठली नाय. ओहोटी लागली, पानी उतरलं, तसा तो चिखलातून वर आला. म्हनला, आये, भूक लागली. तो जसा त्याच्या आयेला भेटला, तशी समद्यांची पोरं समद्यांना भेटोत.”

केतनने आईला राखणदार पाण्यात उतरेपर्यंतच वाचून दाखवलं होतं. पुढचं अजून लिहायचंय, असं खोटं सांगितलं होतं. पुढचं त्या माउलीने स्वतःच रचलं होतं.

“आधी मनस्वीची माफी माग,” त्याचा फोन परत देत मी म्हटलं. “आरोप केलास तिथेच, सगळ्यांदेखत.”

त्याने माफी लिहिली. मग फोनही लावला. पलीकडून ती शांतपणे म्हणाली, “केतनदादा, पुस्तक होऊ दे. मग बघू, बोलायचं की नाही ते.” आणि फोन ठेवला. बरी अद्दल घडली.

आवाजाने आई उठून बाहेर आल्या होत्या.

“आये, तू ही गोष्ट देवळात कंला सांगितलीस?”

“मंग? कहानी आयकून पोटात ठेवायची काय? तू त्याला पान्यात उतरवलास नि थांबलास. बाया मुठीत तांदूळ धरून बसल्या व्हत्या, त्यांना तसंच उठवू? कहानी अर्धी टाकत नाय. नि वायट तं संपवतच नाय.” मग त्या खाली बसल्या. “तुज्या पुस्तकात काय हाय पुढं?”

“नको, आये.”

“वाच. तो कोन हाय ते मना पयल्या दिसापासून ठावं हाय.”

छापखान्याचा फोन पुन्हा वाजायला लागला. मी तो बंद केला. केतन वाचायला लागला. राखणदाराचे हात फळीवर, पाणी छातीशी, मग गळ्याशी. बांधावर त्याचा धाकटा भाऊ. राखणदार त्याला ओरडून सांगतो, घरी पळ. आणि मग हळूच म्हणतो, मी घाबरलो ते आयेला सांगू नकोस.

तिथून पुढची ओळ केतनला वाचताच येईना.

“शिवा असंच म्हनला?” आईंनी विचारलं.

केतनने होकारार्थी मान हलवली.

“घाबरला व्हता माजा पोर,” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. तोंडाला पदर लावला नाही, आवाज दाबला नाही. मीही रडले. मग त्यांनी केतनला जवळ ओढलं. “नि तू येवढासा. येवढं वझं एकट्यानं धरून बसलास? मना वाटायचं, जाताना त्याला माजी आठवन तरी आली का नाय. आली व्हती.”

केतन लहान पोरासारखा त्यांच्या मांडीत डोकं घालून बसला. मग त्याने विचारलं, “आये, बदलू का शेवट? तू सांगितलास तसा करू?”

आईंनी डोळे पुसले.

“नको. खरं हाय तसं छाप. पुस्तकात तो मेला तं मेला. देवळात मी त्याला दर सोमवारी वर काढीन.”