सिगारेट सुटली तेव्हा

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या त्या मनोरुग्णांच्या वसतिगृहात सहा जण राहत. सगळ्यांच्याच डोक्यात कधी ना कधी आवाज घुमलेले, आणि सगळेच मागच्या अंगणात पत्र्याखाली सिगारेट ओढणारे. ग्लेनिसला तिथेच बरं वाटायचं. आवाज वाढले की ती एक पेटवायची. ते थांबत नसत, पण जरा मागे सरत.

तिच्या मुलाने, ओवेनने, अट घातली होती. रविवारी तो कामावर गेला की चार वर्षांच्या नातीजवळ ग्लेनिसने थांबावं, पण अंगाला सिगारेटचा वास नको. म्हणून सिगारेट सोडवणाऱ्या नर्सने फुकट दिलेली व्हेप, धुराऐवजी निकोटिनची वाफ देणारी विजेवरची नळी, तिने घेतली.

पत्र्याखाली डेनिसने विचारलं, "काय गं ग्लेनिस, या वयात चोखणी?"

दुसरी एक म्हणाली, व्हेपने फुप्फुसात पाणी होतं, त्यापेक्षा सिगारेट बरी, निदान ओळखीची तरी. ग्लेनिसलाही व्हेप आवडली नव्हती. सिगारेट संपते आणि माणूस उठून आत जातो; हिला शेवटच नव्हता. तरी महिनाभर तिने एकही सिगारेट पेटवली नाही.

आवाजांवरची तिची गोळी मात्र तेवढीच राहिली. तिचं औषध असं, की सिगारेटचा धूर ते शरीरातून लवकर संपवतो, म्हणून ओढणाऱ्याला जास्त द्यावं लागतं. धूर थांबला की तीच गोळी भारी पडते. व्हेप देणाऱ्या नर्सला हे ठाऊक नव्हतं. गोळ्या देणाऱ्या दवाखान्याला व्हेपचा पत्ता नव्हता. ग्लेनिसला वाटलं, आपण सिगारेट सोडल्याचं एका नर्सला ठाऊक आहे म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे.

चौथ्या रविवारी ओवेनच्या घरी ती सोफ्यावर झोपली ती उठेना. ओवेन परतला तेव्हा तिच्या तोंडातून लाळ गळत होती, आणि नात खुर्चीवर चढून शेगडीची बटणं फिरवत होती.

रक्त तपासलं, गोळी निम्मी केली. डॉक्टरांनी ओवेनला सगळं नीट समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"आई, तुझी चूक नाही, कळलं मला," तो म्हणाला. "पण तिला तुझ्याजवळ एकटं नाही सोडवत आता."

"तुमच्यासाठीच सोडली ना रे मी."



दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दवाखान्यात फोन करून सांगितलं की आजपासून ती पुन्हा सिगारेट ओढणार आहे, तेव्हा गोळीचं काय ते बघा. वेळेवर कळवल्याबद्दल पलीकडच्या मुलीने तिचं कौतुक केलं. मग ग्लेनिस पत्र्याखाली गेली, आणि डेनिसने न विचारता पाकीट पुढे केलं.