आईला काय झालं होतं

अण्णा गेला तेव्हा मी रडले नाही. तेरावा झाला तरी नाही. लोक म्हणाले, राजलक्ष्मी धीराची हो. कसला डोंबलाचा धीर. आत काही हलतच नव्हतं.

श्रीरंगअण्णा माझा थोरला भाऊ. होसकोट्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत छातीला हात लावून खाली बसला, तो तिथंच गेला. वडील, अप्पासाहेब, असेच गेले. काकाही. आमच्या घरातले पुरुष हृदयानं जातात, हे आमच्या येलहंक्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

आता उरला धाकटा यशोवर्धन. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बोम्मसंद्र्यात नोकरी, रोजचे तासन्तास बसमध्ये, वर सिगारेट. एक भाऊ गेला, दुसरा जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच मला कळत होतं. त्याला बखोट धरून तपासणीला न्यायचं ठरवलं.

निघताना अण्णाची मुलगी सिद्धी दारात आली. तिशीची पोर, डोळे खोल गेलेले.

"आत्या, मीही येऊ? मला हल्ली फार दमायला होतं."

"बाप गेलाय, दमायला होणारच. तू आईजवळ बस."

ती बसली. ऐकणारी पोर आहे.

रस्ताभर यशू कुरकुरत होता. "अक्का, मला काही धाड भरलेली नाही."

"अण्णालाही नव्हती भरली," मी म्हटलं.

दवाखान्यात लिफ्टपाशी ही गर्दी. कोण थांबतंय? मी जिन्यानं निघाले. अर्ध्यावर जबडा ठणकायला लागला. हे काही नवं नव्हतं. दाढेचं दुखणं, अण्णाचे दिवस उरकले की बघू, असं चाललं होतं. पायरीवर बसले, घाम पुसला, थांबलं की उठले.

डॉक्टरबाई कानडी, वयानं सिद्धीएवढ्याच. यशूला ट्रेडमिलवर पाठवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अक्का, जबडा का धरलाय?"

"दाढ दुखते."

"चढताना दुखते आणि बसलं की थांबते?"

"हो. पण माझं सोडा, भावाचं बघा."

"सरी, बरं, त्यांचंही बघू. तुम्ही स्वल्प आडव्या व्हा." छातीला वायरी चिकटवल्यासुद्धा. रक्त घेतलं. वाद घालायचंही त्राण नव्हतं.

यशूचा निकाल चांगला आला. सिगारेट सोडा, मीठ कमी करा, रोज चाला, बाकी हृदय ठीक. मी उठायला लागले. माझं काम झालं होतं.

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा कागद त्यांच्या हातात होता. "घरात हृदयविकार कुणाकुणाला?"

मी पुरुषांची नावं धडाधड सांगितली.

"आणि आईला काय झालं होतं?"

"आईला काही नव्हतं. थकली होती. शेवटी शेवटी भाकरी थापताना मध्येच बसायची, पाठ भरून येते म्हणायची. एका दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही."

"आजी?"

"तीपण थकूनच..."

आमच्याकडे पुरुष हृदयानं जातात आणि बायका थकून जातात. जन्मभर हे बोलत आले, एकदाही ऐकलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी समजावलं. बायकांची छाती दुखेलच असं नाही. कधी जबडा, कधी पाठ, कधी नुसता दम लागतो, थकवा येतो. घरातले म्हणतात वय झालं, दुःख आहे, कामाची दगदग आहे. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "पण आज घरी सोडत नाही. नळी घालून बघावं लागेल, रक्त कुठे अडलंय ते."

यशू लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याही वेळी रडू आलं नाही. स्वतःचं वाईटही वाटलं नाही. भाजी निवडायची राहिली, एवढंच आठवलं. मग दारात उभी असलेली सिद्धी आठवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भीती वाटली.

"यशू, रडणं पुरे. सिद्धीला घेऊन ये."

"तिला कशाला? आधी तुझं होऊ दे."

"ती दमते म्हणाली होती. मी तिला घरी बसवलं." मी त्याचा हात घट्ट धरला. "आजच आण. आणि हे बघ, लिफ्टला कितीही गर्दी असू दे, थांबा. तिला जिना चढू देऊ नकोस."